टेसमरची टेकडी

शुक्रवारी दुपारच्या जेवणाआधीचं शेवटचं भाषण कुणाच्या गळ्यात मारतात, हे पृष्ठभागविज्ञानाच्या परिषदेला येणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतं. तोवर निम्मी मंडळी विमानतळाच्या वाटेला लागलेली असतात आणि उरलेल्यांच्या बॅगा खुर्चीला टेकून उभ्या असतात. ज्याला वगळवत नाही, पण ज्याच्याकडून नवीन काही ऐकायची कुणाला आशाही नसते, त्याच्यासाठी ही वेळ राखलेली असते. यंदा मिलवॉकीच्या परिषदेत ती व्हर्नन टेसमरच्या वाट्याला आली होती. निवृत्तीच्या वर्षी शेवटचं भाषण आपलं, म्हणून भल्या माणसाला तो मान वाटला होता. त्यासाठी त्याने नवा टायसुद्धा घेतला होता.

व्हर्नन विस्कॉन्सिनच्या उत्तरेकडचा, गाईगुरांच्या घरातला. लहानपणी पहाटे उठून दुधाच्या बरण्या घासायचं काम त्याचं. एका बरणीत घाण राहिली तर सगळ्या टाकीचं दूध नासतं, हे बापाने त्याला दोन थपडा देऊन शिकवलेलं होतं. पुढे तो शिकला, आपल्याच भागातल्या एका छोट्या विद्यापीठात चिकटला आणि तिथून हललाच नाही. बरण्या गेल्या आणि त्यांच्या जागी पोलादी पात्र आलं, एवढाच काय तो फरक.

धातूच्या अगदी वरच्या थरावर काय चालतं, एवढंच ही मंडळी जन्मभर बघत बसतात. नखाएवढा धातूचा तुकडा पात्रात ठेवायचा, आतली हवा काढून टाकायची आणि पात्राला बाहेरून फॉइल गुंडाळून दिवसचे दिवस भाजत ठेवायचं, म्हणजे भिंतींना धरून बसलेली वाफदेखील निघून जाते. "आमच्याकडे फॉइलमध्ये दोनच गोष्टी भाजतात, टर्की आणि व्हर्ननचं पात्र. टर्की निदान खाता तरी येते," असं त्याची बायको मार्गिट सगळ्यांना सांगायची. आत चुकून बोटाचा ठसा राहिला तर महिन्याच्या कामावर पाणी. म्हणून या लोकांत कुणाला हुशार म्हटलं तर तो विसरून जातो. हात स्वच्छ आहे म्हटलं तर ते जन्मभर लक्षात ठेवतो. व्हर्ननचा हात स्वच्छ आहे, असं सगळे म्हणत.

त्याच स्वच्छ हाताने १९९१ साली त्याला एक गोष्ट सापडली. सोनं हा आळशी धातू. कार्बन मोनॉक्साइड वायू त्याला नीट चिकटतच नाही. गारठवून चिकटवला तरी जराशी ऊब लागली की सुटून जातो. व्हर्ननने सोनं चांगलं तापवलं, तरी उशिरापर्यंत थोडा वायू सुटतच होता. आलेखाच्या सपाट रेघेवर शेवटी एक लहानसा उंचवटा येत होता. परिषदेत कुणीतरी त्याला टेसमरची टेकडी म्हटलं आणि ते नाव पडलं. दोनचार वर्षं त्याची सगळीकडे चर्चा झाली. नंतर ती हळूहळू थांबली. नव्या लेखांत टेकडीचा उल्लेख येईनासा झाला. जग पुढे गेलं, असं व्हर्ननने मनाशी ठरवलं आणि तो टेकडीवरच काम करत राहिला. मार्गिट जाऊन चार वर्षं झाली होती, पोरंबाळं नव्हती. टेकडी होती.

बुधवारी चहाच्या सुट्टीत ओदिल त्याला शोधत आली. ओदिल मॉन्ट्रियलची, नुकतीच प्राध्यापक झालेली, हातात कॉफी आणि ती पिण्याचं भान नाही.

"डॉक्टर टेसमर, दोन मिनिटं बसू या का कुठेतरी?"

"बस की. बातमी वाईट दिसतेय. कुणी माझी जेवणाची कुपनं चोरली का?"

ती हसली नाही. "आम्ही तुमचा प्रयोग पुन्हा केला. सोन्याचा. टेकडी आली, अगदी तुमच्यासारखी. म्हणजे मी नाचलेच! मग वायूची पोलादी टाकी संपली. दुसरी मागवली, ती ॲल्युमिनियमची आली. आणि…"

"आणि टेकडी गेली," व्हर्नन म्हणाला.

"तुम्हाला माहीत होतं?"

ओदिल भराभरा बोलत सुटली. वायू पोलादी टाकीत राहिला की टाकीच्या धातूतलं निकेल अगदी किंचित उचलतो, ते वायूबरोबर पात्रात येतं आणि सोन्यावर बसतं. इतकं थोडं की तपासायच्या यंत्राला ते दिसतही नाही. वायूला धरून ठेवणारं ते निकेल, सोनं नव्हे. तिने सोन्यावर मुद्दाम किंचित निकेल बसवून ते पडताळून पाहिलं होतं.

"लेख तयार आहे, पण मी थांबवलाय. तुम्ही निवृत्त व्हा, मजेत भाषण करा. वर्षभराने पाठवला तरी माझं काही अडत नाही. खरंच."

"तू गुणी मुलगी आहेस," व्हर्नन म्हणाला आणि उठून प्रसाधनगृहात गेला. तिथे बराच वेळ तो नळाखाली हात धरून उभा होता.

ॲल्युमिनियमची टाकी म्हटल्याबरोबर त्याला कर्टिस आठवला होता. कर्टिस लाब्स, त्याचा डॉक्टरेटचा विद्यार्थी, लाकूडतोड्याच्या घरातला, मोठ्या पंजांचा आणि मितभाषी. १९९९ साली दुकानदाराकडे पोलादी टाक्या संपल्या होत्या म्हणून त्याने ॲल्युमिनियमची पाठवली, आणि कर्टिसला टेकडी दिसेना. व्हर्नन त्याला म्हणाला, पात्र पुन्हा भाज. त्याने भाजलं. टेकडी नाही. पुन्हा भाज. कर्टिस एकदा दबक्या आवाजात म्हणाला होता, "सर, टाकी बदलल्यापासून हे होतंय." तेव्हा व्हर्ननने प्रयोगशाळेत दोघातिघांसमोर त्याला ऐकवलं, "टाकीला नावं ठेवू नकोस. तुझा हात घाण आहे." वसंतात कर्टिस शिक्षण सोडून निघून गेला. पुढच्या महिन्यात पोलादी टाकी आली, व्हर्ननने स्वतः प्रयोग केला आणि टेकडी पहिल्या फटक्यात वर आली. तो त्या दिवशी किती खूश होता! ही गोष्ट तो नव्या मुलांना धडा म्हणून सांगायचा.

गुरुवारी तो एकाही भाषणाला गेला नाही. तलावाच्या काठी बाकावर बसून राहिला. गप्प बसावं, असं त्याला अगदी मनापासून वाटत होतं, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. त्याच्याजवळ दाखवण्यासारखं दुसरं काहीच नव्हतं. ती टेकडी काढून टाकली तर अख्ख्या आयुष्याचा आलेख सपाट. ओदिल स्वतःहून वर्षभर थांबायला तयार होती, कुणाचं काय जाणार होतं? पण हे मनात आलं की लगेच कर्टिसचे ते मोठे पंजे डोळ्यांसमोर यायचे, फॉइलची गुंडाळी सोडवताना आणि पुन्हा गुंडाळताना.

शुक्रवारी सभागृहात बऱ्याच खुर्च्या रिकाम्या होत्या. अध्यक्षस्थानी रोलंड ओस्बी होता. हा मिनेसोटाचा, व्हर्ननचा तीस वर्षांचा मित्र. परिषद संपली की दोघांनी तळलेला मासा खायला जायचं, हा त्यांचा नेम.

"आमचा व्हर्नन यापुढे पात्र भाजणार नाही," रोलंड माइकवर म्हणाला, "त्यामुळे विस्कॉन्सिनमधली फॉइलची दुकानं काळजीत आहेत." लोक हसले.

व्हर्ननने सुरुवात ठरल्याप्रमाणे केली. जुने फोटो, काळ्या केसांचा तो स्वतः, फॉइलमधलं पात्र. मग टेकडीचा आलेख पडद्यावर आला आणि तो थांबला.

"हे सोनं नाही," तो म्हणाला. "हे निकेल आहे, टाकीतून आलेलं. मॉन्ट्रियलच्या ओदिलने ते सिद्ध केलंय, तिचा लेख येईल तेव्हा वाचा. तिच्याही आधी माझ्या एका विद्यार्थ्याला ते दिसलं होतं. कर्टिस लाब्स. त्याचा हात घाण आहे, असं मी म्हणालो. चूक माझी होती. एवढंच सांगायचं होतं."

ओदिल खाली बघत होती. व्हर्ननने समोर पाहिलं. निदान कुणी दचकेल, शेजारच्याच्या कानात काही बोलेल, असं त्याला वाटलं होतं. तसं काही झालं नाही. जुनी मंडळी त्याच्याकडे फार मायेने बघत होती. मग रोलंड टाळ्या वाजवू लागला आणि सगळे उभे राहिले. टाळ्या थांबेचनात.

मासे खायच्या जागी रोलंडने दोघांसाठी ब्रँडी मागवली. व्हर्ननने ग्लासाला हात लावला नाही.

"रोली, कुणालाच आश्चर्य कसं नाही वाटलं रे?"

रोलंड लिंबू पिळत राहिला. माशावर पिळून झालं तरी तो पिळतच होता.

"तुला माहीत होतं."

"अरे, जाऊ दे ना आता. किती छान बोललास."

"कधीपासून?"

"सत्त्याण्णव," रोलंड म्हणाला. "आमच्याकडे पोरांनी करून बघितलं होतं. बाकीच्यांनाही इकडून तिकडून कळलं असेल. मी सांगणार होतो, देवाशपथ. पण त्या वर्षी मार्गिटचं ऑपरेशन होतं, तुझा चेहरा बघवत नव्हता. म्हटलं, पुढच्या वर्षी सांगू. पुढच्या वर्षी तू इतका खुशीत होतास. मग उशीर झाला रे. आणि एकाने सांगायचं तर बाकीचेही गप्प का बसले, असं झालं असतं. म्हणून आम्ही आपले उल्लेख करायचं टाळत गेलो. तुला वाईट वाटू नये म्हणून."

"आणि मला बोलवत गेलात."

"तू आमचा आहेस, म्हाताऱ्या. सगळ्यांचा जीव आहे तुझ्यावर."

"कर्टिस नव्व्याण्णव साली गेला," व्हर्नन म्हणाला.

रोलंडच्या हातातलं लिंबू थांबलं. कर्टिस कोण ते त्याला आज पहिल्यांदाच कळलं होतं, पण ते सत्त्याण्णवनंतरचं साल आहे, हे त्याला समजलं. व्हर्ननला त्याच्यावर ओरडावंसं वाटत होतं, पण ओरडायला शब्द शोधताना त्याला स्वतःचाच प्रयोगशाळेतला आवाज ऐकू आला. "मासा गार होतोय, खा," एवढं म्हणून तो उठला आणि बाहेर आला.

कर्टिसचा पत्ता शोधायला अजिबात कष्ट पडले नाहीत. वॉसॉ गावात लाब्स नावाचं भट्टीदुरुस्तीचं दुकान होतं, घरं गरम ठेवणाऱ्या भट्ट्या दुरुस्त करणारं. इतकी वर्षं तो त्याच गावावरून गाडी चालवत परिषदेला येत होता. त्याने गाडीत बसून फोन लावला. एका बाईने उचलला. मागे कुणीतरी भांडी विसळत होतं.

"कर्टिस कामावर गेलेत. मी त्यांची बायको. भट्टी बिघडलीय का तुमची?"

"नाही. मी व्हर्नन टेसमर. विद्यापीठात होतो."

पलीकडे नळ बंद झाला.

"हो," ती म्हणाली. "ठाऊक आहे मला तुमचं नाव."

व्हर्ननने पुढचं काही ठरवलेलं नव्हतं. ती बाई फोन ठेवत नव्हती.

"अजून कामावरून आले की तीनतीनदा हात धुतात," शेवटी ती म्हणाली. "जेवायला बसण्याआधी दाखवतात मला, लहान मुलासारखे. मुलं हसतात त्यांना. काय निरोप देऊ?"

"त्याला सांगा," व्हर्नन म्हणाला, आणि त्याला पुन्हा सुरुवात करावी लागली. "त्याला सांगा, त्याचा हात स्वच्छ होता."