धनेशशेठचं गंगास्नान

धनेश माझ्याच वर्गातला. बापाच्या मिठागराची जमीन रस्त्यात गेली तेव्हा त्याने ट्रक घेतला, एकाचे सहा केले आणि उरणला बंगला बांधून राहायला गेला. आई, सखुबाई, गावातच राहिली. तिची उजवी बाजू लुळी पडली तेव्हा म्हणाला, "बंगल्यात जिने हायेत, आईला जमायचं न्हाय." तळमजल्यावर दोन खोल्या रिकाम्या होत्या, हे मात्र बोलला नाही.

सखुबाईचं सगळं मग धनेशच्या धाकट्या भावाच्या विधवेने, तुळशीने केलं. पहाटे अंथरूण बदलायचं, पेज भरवायची आणि सुक्या मासळीची पाटी घेऊन बाजार गाठायचा. चार वर्षं.

गेल्या वर्षी धनेश कुंभमेळ्याहून परतला. तो येण्याआधीच नाक्यावर त्याचा हात जोडलेला बॅनर लागला होता. प्लास्टिकच्या कॅनमधून गंगाजल वाटत तो घरोघर फिरला. मागे व्हिडिओ काढणारा मेहुणा. आईकडे पोहोचला सगळ्यात शेवटी. मी तिथेच होते, तुळशीला मदत करत.

"बरं झालं आलात, दादा," तुळशी म्हणाली. "आईंना न्हाणीत न्यायचंय. काखेत हात घालून जरा उचला."

धनेशने नाकाला रुमाल लावला. "मी गंगेत न्हाऊन आलोय. हे तुम्ही बायकांनी बघा. आधी तोंडात गंगा घालू दे."

त्याने पळी ओठांना लावली. सखुबाईने तोंड मिटून घेतलं. पाणी मानेवरून उशीत गेलं. डाव्या हाताने पळी सारत ती अडखळत म्हणाली, "आधी... उचल मना."

आम्ही सगळ्यांनी ऐकलं. धनेश हसला. "आईला आता काय बोलते ते समजत न्हाय," असं म्हणाला आणि मेहुण्याला तेवढं कापून टाकायला सांगून गाडीत बसला.

वैशाखात सखुबाई गेली. अग्नी देऊन धनेश गेला तो चौथ्या दिवशी कलश घेऊन उगवला. "अस्थी दे. काशीला नेतो."

"काल खाडीत सोडल्या," तुळशी म्हणाली. "आईंनीच सांगितलं होतं."

त्याने आरडाओरडा केला, मोक्षाचं काहीबाही बोलला. मग परसात गेला, पाणी तापवायच्या चुलीतली राख ओंजळीने कलशात भरली, वर लाल फडकं बांधलं आणि विमानाने काशीला गेला. गंगेत कलश रिकामा करताना ढसाढसा रडतानाचा फोटो सगळ्यांच्या मोबाइलवर आला. गावाने फोटोखाली हात जोडले.

आता घर खाली कर म्हणून तो तुळशीला निरोप धाडतो. तिने कुलूप बदललंय.