वास आला म्हणालो

उंब्रजला हायवेवर चाळीस वर्षं पंक्चर काढली. शाळा चौथीपर्यंत. पण ट्यूब पाण्यात न बुडवता, नुसती कानाशी धरून कुठं फुटलीय ते सांगायचो.

बायको गेल्यावर माधवनगरची लेक म्हणाली, तिकडं या. म्हटलं, माझ्या घरात माझं मी करून खातो. मग तिनं लायटीवरची शेगडी दिली. दूध तापलं की ती टीं टीं करून आपोआप बंद होते. पण तिच्यावर भाकरी फुगत न्हाई. सहा महिने मीच हट्ट धरला, गॅस आण. शेवटी लेकीनं आणला, पण बजावून, "आबा, एकदा जरी गडबड झाली तर माधवनगर. मग मी एक ऐकणार न्हाई."

जोडणाऱ्यानं शेगडी न पेटवता नॉब जरासा फिरवला. "बाबा, हा वास ध्यानात ठेवा. आला की पहिलं बंद करायचं."

लेक म्हणाली, "आला का?"

"आला की."

काही आला न्हवता. वाटलं, थोडाच सोडला असंल. तो गेल्यावर कांदा फोडून नाकाशी धरला. डोळ्याला पाणी आलं, वास न्हाई. हिंगाची डबी उघडली, तीही मुकी. म्हटलं, हिंग जुना असंल. मग आठवलं, गेल्या महिन्यात लेक म्हणाली होती, आमटीला वास मारतोय. मी लय भांडलो होतो तिच्याशी.

दुपारी तिनं जाळावर भाकरी टाकली. टम्म फुगली. "आबा, काय वास सुटलाय!"

"व्हय," म्हटलं.

जेवणं झाल्यावर ती परड्यात कपडे काढायला गेली. मी गॅसवर दूध ठेवलं आणि सवयीनं उभा राहिलो. टीं टीं व्हायची वाट बघत. दूध उतू गेलं. फडकं घेऊन ओटा पुसत बसलो. जाळ विझलाय, हे बघितलंच न्हाई.

लेक पळत आली. "आवं आबा! घरभर गॅस झालाय!" नॉब बंद केला, दारं-खिडक्या उघडल्या. "वास न्हाई आला तुमाला?"

"आला की."

"मग बंद का न्हाई केला?"

आता काय सांगावं? वास आला म्हणावं तर येडा ठरतो. न्हाई म्हणावं तर माधवनगर. फडकं पिळून ओट्यावर टाकलं. मग म्हटलं, "न्हाई येत."

"कवापासनं?"

"ठाऊक न्हाई." हे मात्र खरं होतं.

आता ही माझी पिशवी भरायला लागंल, असं वाटलं. पण तिनं रेग्युलेटर काढून स्वतःच्या पिशवीत टाकला आणि फळीवरची लायटीची शेगडी खाली घेतली. "मी येईन तवा भाकरी. तवर हिच्यावर काय ते करा." मी भांडलो न्हाई. त्याचंच तिला नवल वाटलं असावं.

ती जायला निघाली तवा मी विचारलं, "आगं, दुपारच्या भाकरीचा वास कसा होता?"

"आईच्या भाकरीवानी."

तो मला आठवतो. म्हणजे, आठवतो असं वाटतं.