माझी जागा कोण घेतो ते बघू

आखातात, रुवैसच्या रिफायनरीत मी रिगर होतो. रिगर म्हणजे ओझ्याला दोर बांधणारा आणि क्रेनवाल्याला हातानं खुणा करून ते ओझं उचलायला, फिरवायला, खाली ठेवायला लावणारा माणूस. क्रेनवाला वर काचेच्या खोलीत बसतो, त्याला खालचं दिसत नाही. त्याचे डोळे म्हणजे मी. माझी शाळा चौथीत सुटली, पण मी मूठ वळली की डोंगराएवढी क्रेन जागच्या जागी थांबायची. एवढं तर घरातलं मांजरसुद्धा माझं ऐकत नव्हतं.

आम्ही कामगार राहायचो त्या कॅम्पाच्या मागं मोकळं मैदान होतं. निम्म्यावर आपले लोक क्रिकेट खेळायचे, निम्म्यावर फिलिपिनो लोक बेसबॉल. तो खरं म्हणजे सॉफ्टबॉल, चेंडू खालून हात फिरवून टाकायचा. पण आम्ही बेसबॉलच म्हणायचो. आणि सॉफ्ट कसला, नारळ बरा. मी आधी क्रिकेटमध्येच होतो. एका गुरुवारी संध्याकाळी आमचा कप्तान, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान, मला म्हणाला, "काका, तुम्ही आता अंपायर व्हा."

मी टोपी त्याच्या हातात दिली आणि चालत पलीकडच्या निम्म्या मैदानात गेलो.

तिथं त्यांना माणूस कमीच होता. त्यांचा कप्तान आमच्याच साइटवर पाइपिंगचा फोरमन. बुटका, हसरा, पण खेळायला लागला की सासूसारखा. मला तो 'कुया' म्हणायचा. कुया म्हणजे त्यांच्यात थोरला भाऊ. काकापेक्षा हे बरं. त्यानं मला खेळ समजावला. चौकोनाचे चार कोपरे. एका कोपऱ्यावर बॅटवाला उभा राहतो. त्यानं चेंडू मारून बाकीचे तीन कोपरे पळत फिरायचे आणि परत पहिल्या जागी यायचं, म्हणून त्या जागेला म्हणायचं होम. मला त्यानं दुसऱ्या आणि तिसऱ्या कोपऱ्याच्या मधे उभं केलं. त्या जागेला शॉर्टस्टॉप म्हणतात. जमिनीवरून सणसणत येणारे चेंडू बहुतेक तिथंच येतात. बाकीचे हातातल्या चामड्याच्या मोज्यानं अडवायचे, मी छातीनं अडवायचो. अख्खा हंगाम ती जागा माझी होती. तिथून एक चेंडू मागं गेला असेल तर दाखवा.

आता खरी गोष्ट. थंडीत आमची मंडळी व्हिजिट व्हिसावर अबू धाबीला यायची होती. तिची थोरली बहीण तिथं, साडूचा फ्लॅट मोठा. आणि त्याच दिवसांत आमची एका हॉटेलच्या टीमशी मॅच अबू धाबीला ठरली होती, शुक्रवारी. मी फोनवर तिला सांगून टाकलं, "मी खेळणार आहे. बघायला ये. मी मधोमध उभा असतो, लगेच दिसेन."

तिनं ते बहिणीला सांगितलं असणार, कारण लगेच साडूचाच फोन आला. "साडूभाऊ, तुम्ही आणि बेसबॉल? खेळता, की बॉल आणून देता?"

"येऊन बघा," मी म्हणालो. "आणि येताना ताईंना थालीपिठं करायला सांगा. खेळल्यावर भूक लागते."

हे बोलून चार दिवस झाले नसतील, तर साइटवर नवा इलेक्ट्रिशियन आला. फिलिपिनो, वायरीसारखा बारीक. पहिल्याच संध्याकाळी तो माझ्या जागेवर उभा राहिला आणि डावीकडचा चेंडू उजवीकडे असल्यासारखा उचलला. मी बघितलं. कप्तानानंही बघितलं. मग कप्तान माझ्याजवळ आला आणि बुटाच्या टोकानं वाळू उकरायला लागला.

"कुया, यू स्ट्राँग. बट ही व्हेरी फास्ट."

"मग?"

"मग बेंच."

"बेंचवर माझी बायको मला बघायला विमानानं येणार नाही," मी म्हणालो. अर्धं हिंदीत, अर्धं इंग्रजीत, पण त्याला पोचलं. त्यालाही मनिलात बायको होती. त्यानं बराच वेळ विचार केला आणि सांगितलं, की तुला दुसऱ्या जागा आल्या तर टीममध्ये घेतो. एका जागेचे लोक भरपूर आहेत. कुठंही उभा करता येईल असा माणूस टीमला लागतो.

"सगळ्या शिकतो," मी म्हणालो. "माझी जागा कोण घेतो ते बघू."

"ऑलरेडी टेकन, कुया."

आधी दुसरा कोपरा. तिथं बेसची चौकोनी गादी असते. पळणारा गादीवर पोचायच्या आत हातातला चेंडू त्याच्या अंगाला लावायचा, की तो बाद. सोपं आहे. माझ्याकडे चेंडू आला तेव्हा पळणारा माझ्यापासून आठ-दहा हात लांब होता, पाठ करून. मी नेम धरला आणि त्याच्या पाठीत चेंडू हाणला. असा बसला की तो गुडघ्यावर आला.

"आउट!" मी ओरडलो.

सगळे धावत त्याच्याकडे. माझ्याकडे कप्तान. "व्हाय यू किल हिम?"

"लागला की नाही? लागला म्हणजे बाद."

"नो थ्रो! टच! टच!"

आता ह्याला लगोरी कशी समजावून सांगू? लहानपणापासून मी हेच शिकलेलो, की पळणाऱ्याच्या पाठीत चेंडू बसला की तो मेला. पाठ चुकवणं हे त्याचं काम, नेम धरणं हे माझं. लांबून मारण्यात कसब आहे; जवळ जाऊन हळूच लावण्यात काय आहे, ते तर हळदीकुंकवाला बायकासुद्धा करतात. हे मी त्याला सांगितलं. हळदीकुंकू त्याला कळलं नाही. ज्याला चेंडू लागला होता तो आमचा भटारी होता, आणि पुढचा आठवडाभर माझ्या ताटात माशाचं फक्त डोकं पडत होतं. तरी सांगतो, तो बादच होता.

मग मला मागं पाठवलं, आउटफील्डला, जिथं उंच उडालेले चेंडू झेलायचे. तिथं माणूस मारायची सोय नाही असं कप्तानाला वाटलं असावं. पहिला चेंडू उडाला. वर निळ्या आभाळात ठिपका, आणि तो माझ्याच डोक्यावर यायला लागला. इतकी वर्षं रिगरचं काम केलेल्या माणसाच्या डोक्यावर काही यायला लागलं तर तो काय करतो? मी चार पावलं बाजूला झालो, दोन्ही हात पसरले आणि शेजारच्याला ओरडलो, "हटो! हटो! नीचे से हटो!" तोही बिचारा साइटवरचाच, तोही हटला. चेंडू आमच्या दोघांच्या मधोमध वाळूत धप्पकन पडला. कोणालाही इजा झाली नाही.

कप्तान खाली बसला आणि त्यानं टोपी तोंडावर ओढली. मी त्याला विचारलं, "सेफ्टीच्या मीटिंगमध्ये तूच सांगतोस ना, की वरून येणाऱ्या वस्तूखाली उभं राहू नका?"

"बॉल, कुया! इट्स अ बॉल!"

रोज ड्यूटीनंतर तासभर मी तो चेंडू डोक्यावर घ्यायला शिकलो. पाय आपोआप बाजूला जायचे, त्यांना शिव्या देऊन परत आणायचो. पहिल्या कोपऱ्यावरही दोन संध्याकाळी काढल्या. तिथं एक पाय गादीवर ठेवून उरलेलं अंग चेंडूकडे ताणायचं असतं. माझं अंग ताणत नाही. ते मी कप्तानाला स्पष्ट सांगितलं, आणि त्या जागेचा विषय तिथंच खलास.

उरला कॅचर. कॅचर म्हणजे होमच्या मागं बसून, कोणी न मारलेला प्रत्येक चेंडू झेलणारा माणूस. आमचा कॅचर सुटीवर गेला होता आणि ती जागा कोणालाच नको होती, कारण सगळा वेळ उकिडवं बसायचं. बाकीच्यांचे गुडघे अर्ध्या तासात बोलायला लागायचे. मला हसू आलं. अहो, आमच्या पिढीला उकिडवं बसणं शिकवावं लागतं का? मी तसा बसून जेवलोय, तसा बसून दाढी केलीय, तसा बसून लग्नं ठरवलीत. मी बसलो तो उठलोच नाही. शेवटी कप्तानच म्हणाला, "कुया, गेट अप, वुई आर फिनिश्ड."

एकच अडचण होती. चेंडू टाकणारा स्वतः कप्तान. त्याला कसला चेंडू टाकायचा हे कॅचरनं खुणेनं सांगायचं, पायांच्या मधे बोटं लपवून, समोरच्याला दिसू नये म्हणून. मला काही लपवून करायची सवय नाही. मी हात चांगला खांद्याच्या वर नेला आणि अंगठा खाली केला. क्रेनच्या खुणांत ह्याचा अर्थ बूम, म्हणजे क्रेनचा लांब हात, खाली घे. कप्तान फोरमन, त्याला क्रेनची प्रत्येक खूण पाठ. त्यानं न विचारता चेंडू खाली टाकला. मग मी बोट रोखून डावीकडे फिरव म्हटलं, त्यानं डावीकडे टाकला. तो कमरेवर हात ठेवून माझ्याकडे बघत राहिला.

"यू आर क्रेझी," तो म्हणाला. "बट हॉटेल पीपल डोंट नो क्रेन."

अशी मला जागा मिळाली. मी त्या रात्री फोन केला नाही. जागा बदलली हे कशाला सांगायचं? मैदानावर असणार, एवढं पुरे.

तो शुक्रवार उजाडला. अबू धाबीचं मैदान आमच्यासारखं नव्हतं, खरं गवत होतं. मी तयार झालो. कॅचरची तयारी म्हणजे गुडघ्यापासून पावलापर्यंत ढाली, छातीवर गादी, डोक्याला टोप आणि तोंडावर जाळी. हा सगळा पसारा घालून मी होमच्या मागं बसलो आणि जाळीतून बघितलं, तर साडूची गाडी येऊन थांबली. उतरली आमची मंडळी. अंगावर नवी साडी, हातात डब्याची पिशवी. पाठोपाठ साडू, आणि त्याची मुलगी.

बघतो तर तिघंही दुसऱ्या आणि तिसऱ्या कोपऱ्याच्या मधे बघतायत. तिथं तो वायर उड्या मारत होता. मंडळींनी पदर डोळ्यांवर धरून त्याला पुन्हा पुन्हा न्याहाळलं. गल्फला आल्यावर माणूस बारीक होतो हे तिनं ऐकलं होतं, पण एवढा!

खेळ माझ्याच खुणांवर चालला होता. बूम वर, बूम खाली, डावीकडे, सावकाश. हॉटेलवाले आधी हसले, मग हसायचे थांबले. मी इतकं चांगलं कधी खेळलो नव्हतो, आणि ज्यांच्यासाठी खेळत होतो ते लोक बेंचवरची तोंडं तपासत होते.

साडूचा आवाज मोठा. तो मला स्पष्ट ऐकू आला. "मी म्हटलं नव्हतं? बेंचवरसुद्धा नाहीत."

त्याची मुलगी म्हणाली, "मावशी, अंकल इज नॉट इव्हन हिअर. कॅन वुई गो?"

मंडळींनी पिशवी उचलली.

गाडीकडे निघालेली तिची पाठ मला दिसली, आणि मी उभा राहिलो. खेळ थांबवायचा कसा? मी दोन्ही मुठी वळून वर केल्या. क्रेनवर ह्याचा अर्थ, सगळं जागच्या जागी थांबवा. अंपायरला काही समजलं नाही, पण कप्तान हात मागं नेलेला तसाच थांबला आणि त्यानं ओरडून टाइम मागितला. तेवढ्यात मी निघालो होतो. ढाली, गादी, टोप, जाळी, सगळ्यासकट, मैदान सोडून, गाड्यांच्या दिशेनं.

"अहो, थांबा!" मी ओरडत होतो, पण जाळीतून काय बाहेर पडत होतं देव जाणे. मंडळींनी वळून बघितलं. अंगावर धावून येणारं ते ध्यान बघून ती किंचाळली आणि साडूच्या मागं लपली. साडू मुलीच्या मागं लपला.

मी जाळी वर केली. "मी आहे, मी!"

तिनं साडूच्या खांद्यावरून डोकावून बघितलं. "तुम्ही?" आणि मग, "मला वाटलं कोणी वेल्डर बसवलाय तिथं!"

"सगळा खेळ माझ्या हातावर चाललाय आणि तू घरी निघालीस?"

"मधोमध उभे असता म्हणालात ना? हे तर मागं आणि बसून!"

"कुया!" मागून कप्तानाची हाक आली. "इंडियन ड्रामा फिनिश? यल्ला!" यल्ला म्हणजे अरबीत, चल लवकर.

अंपायरनं मला बोट दाखवून दम दिला, पुन्हा गेलास तर बाहेर काढीन. मी मान डोलावली. मंडळी माझ्या मागच्या तारेच्या जाळीला चिकटून बसली, आणि उरलेला सगळा वेळ माझ्या पाठीशी बोलत राहिली. "अहो, तो पळतोय बघा! अहो, हात सांभाळा! किती वेळ असं बसणार, पायाला मुंग्या येतील!" हॉटेलच्या बॅटवाल्यांचं लक्ष तिच्याकडेच लागायला लागलं आणि दोघं तर चेंडू न बघताच बाद झाले. आम्ही तरी हरलो, थोडक्यात. हरलो ते आमच्या बॅटवाल्यांमुळे. होमच्या मागं काही हुकलं नाही.

नंतर आम्ही गाडीजवळ थालीपिठं खात होतो. साडू गप्प होता, त्याचा मला जेवणापेक्षा जास्त आनंद होत होता. तेवढ्यात कप्तान आला. त्यानं एक थालीपीठ उचललं, चावलं, डोळे मोठे केले आणि मग म्हणाला, "कुया, नेक्स्ट मॅच, शॉर्टस्टॉप. मॅडम कॅन सी यू."

"नो," मी म्हणालो. "तिथं कोणीही उभा राहील. मी इथंच बसणार."

"शुअर?"

"शुअर."

तो खांदे उडवून, आणखी एक थालीपीठ घेऊन गेला.

"काय म्हणाला हो तो?" मंडळींनी विचारलं.

"म्हणाला, की तुमच्यासारखा माणूस ह्या टीमला पुन्हा मिळायचा नाही, आणि तुम्ही जिथं म्हणाल तिथं तुमची जागा राखून ठेवतो."

ती त्याच्या पाठमोऱ्या आकृतीकडे बघत राहिली. "पण तो तर एवढंसंच बोलला."

"इंग्रजी आखूडच असतं," मी म्हणालो आणि तिच्या हातातला डबा घेतला.