आबांचा हळू आवाज

फिनेलनं पुसलेल्या फरशीचा वास आला की राजारामपुरीतला तो हॉल आठवतो. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते. डान्स फिटनेसची ट्रेनर म्हणून माझा पहिलाच क्लास होता, आणि घरी सांगितलं नव्हतं. समोरच्या आरशात घामेजलेल्या बायका हसत नाचत होत्या. त्यांच्या मागे, दारात, आबा उभे दिसले. माझे वडील.

गाणं संपेपर्यंत ते थांबले. एरवी त्यांचं बोलणं गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जायचं. त्या दिवशी जवळ येऊन अगदी हळू म्हणाले, "ब्येस शिकवतीस की. किती वाजता सुटतीस?"

"सातला," मी हुरळून म्हणाले. ते ओरडले असते तर मी सावध झाले असते, हे आता कळतं.

सातला खाली त्यांची गाडी उभी होती. मागच्या सीटवर गारगोटी गावची आत्या बसली होती, मांडीवर माझ्या कपड्यांची बॅग घेऊन.