न दिसण्याचं कारण

माझ्या ताईनं बावीस वर्षं खोटं लिहिलं. रोज सकाळी सातला, मोत्यासारख्या अक्षरात. तिला दुसरं कुणी खोटारडी म्हणालं तर मी त्याच्या कानाखाली जाळ काढीन, पण लिहिलं हे खरं.

ताई हवामान कार्यालयात नोंदी ठेवते. कार्यालय म्हणजे नगरपालिकेच्या मागची एक खोली आणि तिच्यासमोर तारेचं कुंपण. कुंपणात चार पायांवर उभी पांढरी पेटी, पेटीत दोन थर्मामीटर, एक कोरडा, एक ओला. ओल्याच्या टोकाला मलमलीची चिंधी, आणि चिंधीचं दुसरं टोक पाण्याच्या वाटीत. ताई दोन्ही पारे वाचते, मग मान वळवून किलोमीटरभर लांबच्या पाण्याच्या टाकीकडे बघते. टाकी दिसली नाही तर वहीत रकाना आहे, 'न दिसण्याचं कारण'. तिथं धुकं लिहायचं, नाहीतर धूर. धूर लिहिला की पुढचा रकाना भरावा लागतो, 'कुठून आला'. धुकं लिहिलं की विषय संपला.

साहेबांनी तिला पहिल्याच वर्षी शिकवून ठेवलं होतं, "बाई, धुकं लिहीत चला. धुक्याला मालक नसतो."

आमच्याकडे चारी दिशांना सपाट भातशेती. भात निघाला की गहू पेरायला जेमतेम पंधरा दिवस. यंत्र वरवर कापून जातं, गुडघाभर धसकटं तशीच उभी. मग काय, लावायची काडी! सगळेच लावतात. मीही लावतो, लपवत नाही. त्या दिवसांत भरदुपारी दिवे लावावे लागतात, दोरीवरचे कपडे पुन्हा धुवावे लागतात, आणि ताईची आठवडाभर चालणारी चिंधी एका दिवसात काळी होते. आणि वहीत काय? धुकं! नाक सुकून रक्त येईल अशा कोरड्या हवेत धुकं! मी तिला चिडवायचो, "ताई, तुझं धुकं फार झोंबतं गं डोळ्यांना." ती हसायची नाही.

शाळेचा फोन ताईला सव्वासातला येतो. धुकं असेल तर शाळा भरते, धूर असेल तर सुट्टी, असा नियम आहे. यंदा एके सकाळी ताईनं धुकं सांगितलं आणि शाळेनं धावण्याच्या शर्यती उरकून घेतल्या. माझी मुलगी आठ वर्षांची, अंगानं एवढीशी, म्हणून तिला टिचकी म्हणतो. तिसऱ्या फेरीत ती मैदानात कोसळली. मी दवाखान्यात पोचलो तेव्हा ओठ निळे, तोंडावर मास्क, आणि दर श्वासाला गळ्याशी खड्डा पडत होता. नर्सबाई माझ्यावरच खेकसली, "आज अशी पाच पोरं आलीत. उद्या शाळा भरली तर निजवू कुठं? तुमच्या डोक्यावर?"

दुसऱ्या दिवशी उजाडताच बायकोला टिचकीपाशी बसवलं आणि थेट ताईचं कुंपण गाठलं. तळपायाची आग मस्तकात गेली होती.

"तुझ्या एका शब्दापायी पोरगी गेली असती! सख्खी भाची आहे तुझी!"

"ओरडून झालं?"

"नाही झालं! आज धूर लिहायचा. साहेब गेला खड्ड्यात!"

"लिहिणारच आहे. तू सांगायची गरज नाही." तिनं पेटी उघडली. "कोरडा एकोणीस, ओला चौदा. धुकं असतं तर दोन्ही पारे जवळजवळ सारखे असते. बावीस वर्षं मी हा फरक वाचतेय आणि धुकं लिहितेय. थू माझ्या अक्षरावर!"

तिचा आवाज एवढा चढलेला मी जन्मात ऐकला नव्हता. खोलीत जाऊन तिनं वहीत लिहिलं, धूर. मग पुढच्या रकान्यावर पेन टेकवलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"वारा परवापासून पश्चिमेचा आहे. पश्चिमेला परवा संध्याकाळी कुणी पेटवलं?"

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. माझं शेत अजून धुमसत होतं.

"दुसऱ्यांचीही शेतं आहेत ना तिकडं?"

"आहेत. त्यांचीही लिहीन. आधी तुझं."

आणि लिहिलं तिनं. माझं नाव, त्याच मोत्यासारख्या अक्षरात. असा संताप आला म्हणून सांगू! अंगाखांद्यावर खेळवलं हिनं मला, आणि आता गावासमोर उघडं पाडते?

तेवढ्यात साहेब आले. वही वाचून गालात हसले. "काय हो बाई, सख्ख्या भावाला अडकवता? बरं, शेताचा नंबर कुठाय? नंबर नसेल तर नोंद धरत नाहीत. खोडा ते, धुकं लिहा."

ताईला नंबर माहीत नव्हता. वाटणीत शेत माझ्याकडे आलं, तिनं कधी कागद बघायलाही मागितला नाही. साहेबांनी मला डोळा मारला. वर्षानुवर्षं माझ्या बाजूनं उभा राहिलेला माणूस तो! मी फक्त तोंड बंद ठेवायचं होतं, बस्स.

टेबलावरचा फोन वाजायला लागला. सव्वासात. शाळेचा.

"दोनशे सतरा!" मी ओरडलो. "दोनशे सतरा, लिही ताई! आणि फोन उचल!"