दोन त्यांचं, पाच आमचं

जमीन मोजायला गेलं की जमीन मोजून होते, पण सोबत एखादा किस्सा घरी येतो. कर्नाटकाच्या कडेला, बसवकल्याणात मी आणि मल्लण्णा मिळून मोजणीचं ऑफिस चालवतो. टेबलावर जागा नाही इतके किस्से साठलेत! कारण साधं आहे. आमच्याकडं एकर-गुंठे, पलीकडं महाराष्ट्रात हेक्टर, आणि प्लॉट विकणारे चौरस फुटात बोलणार. त्यात आमची माणसं नुसता आकडा सांगतात. माप ज्यानं त्यानं समजून घ्यायचं!

*

हुमनाबादकडच्या एका शेतकऱ्यानं तुरीत तणनाशक मारलं. डब्यावर हेक्टरचं प्रमाण छापलेलं. गड्यानं ते सगळं एका एकरात ओतलं!

मल्लण्णानं विचारलं, "तण गेलं का?"

"तण बी गेलं, तूर बी गेली. रान एकदम क्लीन हाय बघा!"

*

एका अप्पांना विचारलं, रान किती? म्हणाले, "दोन पिशव्याचं." म्हणजे सोयाबीनच्या दोन पिशव्या बियाणं लागतं तेवढं. पुढच्या वर्षी तेच अप्पा म्हणाले, "अडीच पिशव्याचं."

"अप्पा, रान वाढलं कसं?"

"रान कामून वाढंल? औंदा पोरगा पेरायलाय. त्याचा हात सैल हाय!"

*

एका मास्तरांनी तीस बाय चाळीसचा प्लॉट घेतला. त्यांच्या बायकोला चौरस फूट कळेनात, म्हणून मल्लण्णा म्हणाला, "अक्का, एक गुंठा आणि वर थोडं."

बाईंनी प्लॉटवर नजर फिरवली. "मग गुंठ्यात हे आणि ह्यांची पुस्तकं राहू दे. वरचं थोडं माझं!"



*

मल्लण्णाचंच ऐका. अंगणावर सावलीसाठी हिरवी जाळी हवी होती. दुकानात जाऊन ऐटीत म्हणाला, "दहा बाय दहा." ह्याच्या डोक्यात फूट, दुकानदाराच्या हातात मीटर! जाळी ह्याचं अंगण झाकून शेजाऱ्याच्या दारावर गेली.

सकाळी शेजारी खाली खुर्ची टाकून बसलेला. "या मल्लण्णा, चा घ्या. सावली तर तुमचीच हाय!"

*

आणि मंठाळचं. माझी भाची सुनीता तिथली. तिला मीच स्थळ आणलं होतं, पलीकडं महाराष्ट्रातलं, उमरग्याकडचं. पोरगा तिला आवडला होता. आदल्या दिवशी फोनवर म्हणाली, "मामा, हे मोडू देऊ नका." त्यामुळं पाहुणे बसले तेव्हा तिच्यापेक्षा माझीच छाती जास्त धडधडत होती.

जमिनीचा विषय निघाला. पोराचे वडील म्हणाले, "आमचं दोन हाय."

आमच्या दाजींचा चेहरा पडला. "आमचं पाच."

आता त्यांचा पडला!

दाजींनी मला कोपऱ्यात ओढलं. "दोनात काय खायाचं पोरीनं? न्हाई जमायचं."

तिथून सुटलो तर पोराच्या वडिलांनी धरलं. "पाचवाल्याची लेक आमच्यात कशी नांदंल? उठतो आम्ही."

 एकदम माझ्या डोक्यात उजेड पडला. "अहो पाव्हणं, दोन काय? एकर का हेक्टर?"

"हेक्टर की!"

"दाजी, दोन हेक्टर म्हणजे जवळजवळ पाच एकर! दोघांचं सारखंच हाय!"

सगळ्यांचे मोबाईल बाहेर आले. गुणाकार सुरू झाले. दाजींनी दोनदा हिशेब केला आणि मान वर केली. "तरी दोन गुंठे कमीच भरायलाय."

"दोन गुंठ्यावर काय अडलंय व्हय?" पोराचे वडील तापले.

सुनीता चहाचा ट्रे घेऊन दारातच उभी होती. तिनं ट्रे खाली ठेवला आणि सरळ पोराकडं बघितलं.

"तुमचं सैपाकघर किती बाय किती हाय?"

पोरगा आधी बापाकडं बघायला लागला, मग तिच्याकडं.

"धा बाय धा."

"दोघं मावतात न्हवं?"

पोराचे कान लाल झाले.

"मावतात. मला भाकरी येती. गोल तेवढी येत न्हाई."