सीतादहीतला फुफाटा

परवा जेवताना दाताखाली खडा आला आणि राळेगावजवळच्या आमच्या वावरातली ती सीतादही आठवली. कापसाच्या पहिल्या वेचणीआधी आमच्याकडे पऱ्हाटीची, म्हणजे कापसाच्या झाडाची, पूजा करून तिला दहीभाताचा नैवेद्य दाखवतात, ती सीतादही. त्या वर्षी दोन वावरांमधल्या धुऱ्यापलीकडच्या शेजाऱ्यानं उभी तूर मोडून मोटारसायकली उडवायला मातीचे उंचवटे घातले होते. शहरातली पोरं यायची, दिवसभर गाड्या बोंबलायच्या आणि आमचा पांढराशुभ्र फुटलेला कापूस मातकट होऊन जायचा. बोलायला गेलो की शेजारी म्हणायचा, "माह्या वावरात मी काहीबी करीन, तुमच्या पोटात काहून दुखते?" त्या सकाळी आईनं नैवेद्य ठेवून हात जोडले, तेवढ्यात चार गाड्या एकामागोमाग उडाल्या आणि दहीभातावर फुफाट्याचा थर बसला. मी दगड उचलला. आईनं तो टाकायला लावला, ताट घेतलं आणि धुरा ओलांडून शेजाऱ्यापुढं धरलं. "घ्या भाऊजी, परसाद." परसादाला नाही कोण म्हणणार? त्यानं घास घेतला आणि चावता चावता थांबला. "वहिनी, यात तं माती हाय." "तुमच्याच वावरातली हाय," आई म्हणाली, "आमी महिन्यापासून दोन्ही टाइम हेच खाऊन राह्यलो." त्यानं मान खाली घालून घास गिळला आणि गाड्या बंद करायला लावल्या. दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा सुरू झाल्या, आजही सुरू आहेत. लोक मला म्हणतात, जाऊ द्या, त्याला काय कळते. कळत कसं नाही? चव पाहिली आहे त्यानं.